अष्टपाद व माकुळ यांच्या शरीरातील आवश्यक मेदाम्ले

करडईच्या तेलातील लिनोलेइक आम्ल आणि जवसाच्या तेलातील लिनोलेनिक आम्ल ही दोन मेदाम्ले माणसाच्या किंवा गुराढोरांच्या शरीरात तयार होत नाहीत. ती आहारातूनच मिळवावी लागतात, म्हणून त्यांना ‘आवश्यक मेदाम्ले’ म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली पांढऱ्या उंदरांना स्निग्ध पदार्थ नसलेला आहार देऊन ही गोष्ट प्रथम दाखविली. उंदरांची वाढ खुंटली व कातडीला खवले सुटू लागले. पुढे बरीच वर्षे असे मानले गेले की, ही आम्ले घडविणे वनस्पती व काही सूक्ष्म जीवांनाच जमते, प्राण्यांना नाही.

अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस आणि त्याचे भाऊबंद यांनी हा समज बराच बदलावयास लावला. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात येणारे माकुळ याच कुळातले. समुद्रफेन म्हणून जे पांढरे, हलके कवच विकले जाते, तेही याच कुळातील एका जातीच्या पाठीतून निघते. माकुळाची भुकटी कोळंबीच्या खाद्यात वापरतात आणि बीजोत्पादन केंद्रात प्रजननक्षम कोळंबीला ताजे माकुळ खाऊ घालतात. त्यामुळे कोळंबी संवर्धकांनी हा विषय थोडा खोलात जाऊन समजून घ्यावा.

मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या अणूंची साखळी. भुईमुगाच्या तेलात भरपूर असणाऱ्या ओलेइक आम्लात १८ कर्ब असतात व साखळीत एक दुहेरी बंध असतो. त्यात आणखी एक दुहेरी बंध घातला की करडईचे लिनोलेइक आम्ल होते. शेपटाच्या बाजूने तिसऱ्या कर्बाशी अजून एक घातला की जवसाचे लिनोलेनिक आम्ल होते. ‘ओमेगा-३’ हे नाव त्या तिसऱ्या कर्बावरून पडले आहे. हे शेपटाकडचे दोन बंध घालणारी विकरे (एन्झाइम) आपल्या शरीरात नाहीत. साखळी याहून लांब व बंध याहून जास्त झाले की मासळीच्या तेलातील मेदाम्ले होतात : २० कर्ब व चार बंधांचे ॲराकिडोनिक आम्ल, २० कर्ब व पाच बंधांचे ई.पी.ए. आणि २२ कर्ब व सहा बंधांचे डी.एच.ए. मेंदू, डोळे व मज्जातंतू यांच्या घडणीत डी.एच.ए. विशेष लागते.

स्पेनमधील टोरे दे ला साल येथील मत्स्यसंवर्धन संस्था व स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी २०१२ साली अष्टपादात एक जनुक शोधले. त्यापासून बनणारे विकर २० कर्बांच्या साखळीत डोक्याकडच्या बाजूला पाचव्या कर्बाशी दुहेरी बंध घालते. साखळी लांबविणारी विकरेही मिळाली. त्यानंतर २०१८ साली प्रवाळ, वलयांकित कृमी, मृदुकाय अशा अनेक अपृष्ठवंशीय प्राण्यांत शेपटाकडे बंध घालणारी जनुके असल्याचे प्रसिद्ध झाले. मातीत मुक्तपणे राहणाऱ्या एका सूत्रकृमीत असे जनुक १९९७ सालीच सापडले होते, पण तो अपवाद समजला जात होता. २०१९ साली अष्टपादाची अशी दोन जनुके तपासण्यात आली. पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये ही मेदाम्ले नसतात, म्हणून जनुके यीस्टमध्ये घालून पाहिले. एका विकराने ओलेइकपासून लिनोलेइक केले, दुसऱ्याने लिनोलेइकपासून लिनोलेनिक. दुसरे विकर ॲराकिडोनिक आम्लाचेही ई.पी.ए. करते. किरणोत्सारी कर्बाची खूण केलेले ॲराकिडोनिक आम्ल अष्टपादाच्या जिवंत पिलांना देऊन त्यांच्या शरीरात हा बदल होतो याचीही खात्री करण्यात आली.

म्हणजे करडई आणि जवस या दोन्ही पिकांचे काम हा प्राणी स्वतःच्या शरीरात करू शकतो. मग त्याला बाहेरून काहीच नको का? तसे नाही. पाटाला वरून पाणी आहे, शेवटचा चरही खणलेला आहे, पण मधला तुकडा फुटलेला आहे, अशी त्याची स्थिती आहे. लिनोलेइकचे ॲराकिडोनिक होण्यासाठी साखळी लांबवून डोक्याकडे आणखी दोन बंध घालावे लागतात. पाचव्या कर्बाचे विकर आहे, दुसऱ्या बंधाचे हाती लागलेले नाही. ई.पी.ए.पासून डी.एच.ए. करण्याची सोयही तोकडीच दिसते. म्हणून ॲराकिडोनिक आम्ल व डी.एच.ए. ही अष्टपादाला खाद्यातून मिळणे आवश्यक धरतात. त्याच्या अंगातील डी.एच.ए. मुळात समुद्रातील सूक्ष्म शैवालाचे असते. ते लहान कवचधारी प्राणी, मासे, खेकडे यांच्यामार्फत त्याच्यापर्यंत पोचते.

याचा परिणाम पिले वाढविताना दिसतो. अष्टपादाची एक मादी लाखावारी अंडी घालते. पिले जेमतेम २ ते ३ मिलिमीटरची असतात व सुरुवातीस पाण्यात तरंगत राहतात. नुसत्या आर्टेमियावर ती काही आठवड्यांत जवळजवळ सर्व मरतात. आर्टेमियात डी.एच.ए. नगण्य असते. बाहेरून पाजले तरी त्यातील बराच भाग आर्टेमिया उलट ई.पी.ए.मध्ये बदलून टाकतो. स्पेनमधील व्हिगो येथे २००१ साली पिले प्रौढ होईपर्यंत वाढविण्यात यश आले, तेव्हा आर्टेमियाबरोबर खेकड्याची जिवंत झोइया पिले दिलेली होती.

आता आपल्या तळ्यांकडे वळू. कोळंबीलाही ई.पी.ए. व डी.एच.ए. पुरेसे तयार करता येत नाही. स्वस्त पडते म्हणून खाद्यात मासळीच्या तेलाऐवजी केवळ जवसाचे तेल घालणे आमच्या मते योग्य नाही, कारण लिनोलेनिकपासून डी.एच.ए.पर्यंतचा टप्पा कोळंबी नीट पार करीत नाही. माकुळाच्या भुकटीतून ही मेदाम्ले मिळतात. शिवाय कोलेस्टेरॉल मिळते, जे कोळंबी स्वतः बनवू शकत नाही. भुकटीच्या वासाने कोळंबी खाद्याकडे लवकर येते, हा आणखी फायदा. मात्र माकुळाचे मांस कमी चरबीचे असते. चरबी मुख्यत्वे यकृतासारख्या पाचक ग्रंथीत साठते. त्यामुळे नुसत्या मांसाच्या भुकटीवर तेलाची सर्व गरज भागेल असे धरू नये. भुकटी कोणत्या भागापासून केली आहे व तिच्यात स्निग्धांश किती आहे, हे विकत घेताना विचारावे.

दुहेरी बंध जितके अधिक तितके तेल हवेने लवकर बिघडते. जवसाचे तेल रंगकामात वापरतात ते याच गुणामुळे : हवा लागली की ते वाळून घट्ट होते. खाद्याच्या पोत्यात हाच गुण नुकसान करतो. भुकटी व तयार खाद्य कोरड्या, थंड जागी लाकडी फळ्यांवर ठेवावे, उन्हात पोती रचू नयेत आणि पावसाळ्यात एका वेळी थोडेच आणावे. खवट वास येऊ लागलेले खाद्य तळ्यात टाकू नये.