गुलाबावरील फुलकिडे : जीवनक्रम व बंदोबस्त

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, विशेषतः तळेगाव दाभाडेच्या परिसरात, हरितगृहांतील गुलाबशेती मोठ्या प्रमाणावर केली जाते. १४ फेब्रुवारीच्या सुमारास देशी व परदेशी बाजारपेठांत गुलाबास विशेष मागणी असते. ही वेळ साधण्यासाठी बागाईतदार डिसेंबरात छाटणी करतो आणि पुढील सहा-सात आठवडे नव्या धुमाऱ्यांची निगा राखतो. नेमके हेच कोवळे धुमारे आणि कळ्या फुलकिड्यांचे आवडते खाद्य होय. धान्याचे काही दाणे किडले तरी उरलेले धान्य विकता येते. गुलाबाच्या पाकळीवर तपकिरी चट्टे उमटले की ते फूल निर्यातीतून बाद होते. म्हणून या किडीच्या जीवनक्रमाची माहिती प्रत्येक गुलाब उत्पादकास असणे अगत्याचे आहे.

किडीची ओळख

गुलाबावर फुलकिड्यांच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी ‘सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस’ ही एक प्रमुख जाती. हुड या शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. मिरचीची पाने वरच्या बाजूस वळून आकसतात, त्यामागे पुष्कळदा हीच कीड असते. द्राक्षावरही ती उपजीविका करते. तेव्हा गुलाबाच्या शेजारी अशी पिके असल्यास तेथून प्रादुर्भाव होण्याचा संभव असतो.

प्रौढ कीटक फिकट पिवळा, सडपातळ व जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असतो. त्याच्या अरुंद पंखांच्या कडांना केसांची झालर असते. फुलकिड्यांच्या मुखाची रचना मोठी चमत्कारिक आहे. त्यांचा केवळ डावा जबडा वाढलेला असतो. त्याने वनस्पतीच्या पेशीस छिद्र पाडून ते आतील रस शोषून घेतात. रिकाम्या झालेल्या पेशी प्रथम रुपेरी व मागाहून तपकिरी दिसू लागतात. पाने वेडीवाकडी होतात, पाकळ्यांच्या कडा करपतात आणि जास्त प्रादुर्भाव झालेल्या कळ्या नीट उमलत नाहीत.

जीवनक्रम

मादी आपली अंडी पानांच्या वा कळ्यांच्या कोवळ्या पेशीजालात खुपसून घालते. अंडी साधारणतः पाच ते आठ दिवसांत उबतात. बाहेर पडलेली पिल्ले पंखहीन असून दोन अवस्थांतून वाढतात. सुमारे आठ-दहा दिवस त्यांचे रस शोषण अखंड चालते. त्यानंतर ती खाणे थांबवून पालापाचोळ्यात, पानांच्या बेचक्यांत किंवा फुलाच्या देठाजवळील आडोशास कोषावस्थेत जातात. तीन-चार दिवसांनी पंखधारी प्रौढ बाहेर पडतो. अनुकूल हवामानात सारा जीवनक्रम दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. नराशी संयोग न झालेली मादीही अंडी घालू शकते. अशा अंड्यांतून केवळ नर जन्मतात.

कोरडी व उष्ण हवा या किडीस मानवते. उघड्यावरील झाडांवरून जोरदार पावसाने फुलकिडे धुऊन जातात. हरितगृहात मात्र हा नैसर्गिक प्रतिबंध उरत नाही.

फवारणी का फसते ?

एका फवारणीनंतर कीड नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि आठवड्याभरात पुन्हा दिसू लागते, असा अनुभव अनेकांस येतो. याचे कारण जीवनक्रमातच आहे. वरून फवारलेले औषध मुख्यतः उघड्यावरील पिल्ले व प्रौढ यांनाच लागते. पेशीजालातील अंडी व आडोशाचे कोष बहुधा सुरक्षित राहतात. मग औषधाची मात्रा वाढविली जाते, तेच ते औषध वारंवार मारले जाते. परिणामी किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होते, मित्रकीटक मरतात आणि लाल कोळ्यांचाही उपद्रव बळावतो.

बंदोबस्त

छाटणीचे अवशेष व बाद फुले बागेत न ठेवता त्वरित नष्ट करावीत. हरितगृहाच्या खिडक्यांना बारीक जाळी बसवावी. पिवळे व निळे चिकट सापळे लावून किडीच्या आगमनावर लक्ष ठेवावे. आठवड्यातून दोनदा काही धुमारे व कळ्या पांढऱ्या कागदावर झटकून पाहाव्यात. हलणारे पिवळसर कण दिसले की कीड आली असे समजावे. प्रादुर्भाव अल्प असताना निंबोळी अर्काचा उपयोग होतो. भक्षक कोळी व ओरियस जातीचे ढेकूण हे फुलकिड्यांचे नैसर्गिक शत्रू असल्याने त्यांचे रक्षण करावे.

रासायनिक औषध अटळ झाल्यास गुलाबासाठी शिफारस केलेलेच वापरावे. साधारण आठवड्याने पुन्हा पाहणी करावी. कारण तोवर अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर आलेली असतात. गरज भासल्यास दुसरी फवारणी वेगळ्या गटातील औषधाची करावी. फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी पांढरा कागद हाती घेण्याची सवय ठेवल्यास औषधाचा खर्च वाचेल आणि हंगामातील फूलही हाती लागेल.