पुराचा नकाशा आणि पिण्याचे पाणी

पूर ओसरला की गाव सुटकेचा निःश्वास टाकते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र काळजीचा काळ तेथूनच सुरू होतो. विहिरीत शिरलेले गढूळ पाणी, तडा गेलेली जलवाहिनी आणि भरून वाहिलेले शौचखड्डे यांचे परिणाम लगेच दिसत नाहीत. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत प्रकट होतो. विषमज्वराला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ प्रकारची कावीळ तर दोन ते सात आठवड्यांनी डोके वर काढते. तोपर्यंत पाणी कोठवर चढले होते, हे अनेकांच्या विस्मरणात गेलेले असते. ती आठवण जपून ठेवणे हेच उपग्रहीय नकाशाचे खरे काम होय.

पुराच्या दिवसांत आकाश ढगाळ असते, त्यामुळे साधे छायाचित्र निरुपयोगी ठरते. यास्तव रडार बसविलेले उपग्रह वापरतात. त्यांच्या लहरी ढग भेदून जातात. संथ पाण्यावरून त्या दुसरीकडे परावर्तित होतात व उपग्रहाकडे फारशा परतत नाहीत, म्हणून चित्रात पाणी काळे दिसते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातील पूर अनेक दिवस राहिला, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने असे पूरनकाशे तयार केले होते.

चिकलठाण्यासारख्या ठिकाणी हे काम इतके सरळ नाही. येथील विमानतळाची धावपट्टी गुळगुळीत असल्याने रडारच्या चित्रात तीही पाण्यासारखीच काळी उमटते. पुरापूर्वीचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय हा भ्रम दूर होत नाही. दाट वस्तीत उलट घडते: भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे गल्लीतील पाणी झाकले जाते. शिवाय सुखनेसारख्या लहान नदीचा लोंढा काही तासांत उतरू शकतो, आणि उपग्रह मात्र काही दिवसांनी त्याच जागेवर येतो. युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेतील दोन उपग्रह मिळूनही ही फेरी सहा दिवसांची असते. पाच-सहा मीटर रुंदीचा नाला तर त्याच्या दहा मीटरच्या चौकटीत हरवूनच जातो.

अशा वेळी जमिनीच्या उंचसखलतेचा नकाशा अधिक उपयोगी पडतो. ‘भुवन’ या संकेतस्थळावर उपग्रहांनी टिपलेली अशी माहिती उपलब्ध आहे. ती चिकलठाणा वेधशाळेच्या पर्जन्यनोंदींसह वाचली, तर पाणी कोणत्या सखल भागाकडे धावणार याचा अंदाज बांधता येतो. तथापि कोणती विहीर पिण्याची, कोणती केवळ सिंचनाची, हे आकाशातून कळत नाही. ते जलसुरक्षकाच्या वहीत असते. ती वही अद्ययावत नसेल, तर महागडा नकाशाही भिंतीवर टांगण्यापुरताच राहतो.

वहीतील प्रत्येक उद्भव नकाशावर ठिपक्याने दाखवावा. पाण्याखाली गेलेले आणि उताराच्या खालच्या अंगाचे ठिपके तपासणीत अग्रक्रमाने घ्यावेत. तेथे पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून शुद्धीकरण करावे आणि ग्राहकाच्या नळाशी ओ.टी. चाचणीने उर्वरित क्लोरीन पाहावे. ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. पाणी ओसरल्यावर निदान सात आठवडे या ठिपक्यांभोवतीच्या घरांतील जुलाब व काविळीच्या रुग्णांची नोंद त्याच नकाशावर होत राहावी.