दोन ठिपक्यांमधला रस्ता

ताशी १३० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे जाते. फोनमधलं जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच आपली जागा आणि वेग नोंदवतं. म्हणजे दर दोन नोंदींच्या मध्ये ३६ मीटर रस्ता असा उरतो, की तिथे चालकाने काय केलं याचा फोनला पत्ताच नसतो. ॲप मात्र ते दोन ठिपके जोडून छान गुळगुळीत रेघ काढून देतं. हौसेने ट्रॅकवर उतरणाऱ्या प्रत्येकाने हे आधी नीट समजून घ्यावं, असं मला कळकळीने सांगायचं आहे. कारण अशा एका रेघेवर भरवसा ठेवल्यामुळे गाडी मातीत गेलेली मी पाहिली आहे.

कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे हा जेमतेम २.१ किलोमीटरचा ट्रॅक. रेसिंगच्या गाड्या स्वतः घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. पुण्याहून आम्ही काही जण तिथे ट्रॅक डेसाठी गेलो होतो. सकाळचं सेशन संपलं आणि आमच्यातला एक तरुण फोन घेऊन माझ्याकडे आला. दोन लॅपचे वेगाचे आलेख त्याने एकावर एक ठेवले होते. "बघ ना दादा, सरळ पट्ट्याच्या शेवटी मी इथे पंचवीस मीटर उशिरा ब्रेक मारलाय, आणि हाच लॅप फास्ट आलाय. अजून उशिरा मारता येईल." इतक्या कमी नोंदींवरून ब्रेकची जागा ठरवू नकोस, असं मी त्याला म्हटलं. पण पडद्यावरची रेघ स्वच्छ दिसत होती आणि पुढच्या सेशनची वेळ झाली होती.

त्या सेशनमध्ये त्याने ब्रेक खरोखरच उशिरा मारला. पुढची चाकं वळवूनही गाडी वळेना, ती सरळ ट्रॅक सोडून मातीत घुसली. लाल झेंडा दाखवून सेशन थांबवलं गेलं. त्याला खरचटलंही नाही, हे नशीब. बंपर आणि रेडिएटर मात्र गेले, आणि तो खर्च खिशातूनच करावा लागला. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. पॉलिसीचा कागद काढून एकदा वाचाच.

संध्याकाळी आम्ही तोच डेटा पुन्हा उघडला आणि रेघ लपवून नुसते ठिपके पाहिले. एका लॅपमध्ये जीपीएसची नोंद ब्रेकच्या जागेच्या जराशी आधी पडली होती, दुसऱ्यात बरीच आधी. ब्रेक दोन्ही वेळा जवळपास एकाच ठिकाणी लागला असणार. पंचवीस मीटरचा तो फरक नोंद कुठे पडली याचा होता. लॅप वेगवान झाला होता तो वेगळ्याच कारणाने. सरळ पट्ट्याआधीच्या वळणातून बाहेर पडताना त्याने थ्रॉटल लवकर दिला होता आणि पूर्ण पट्टाभर त्याचा वेग तीन-चार किलोमीटरने जास्त राहिला होता. म्हणजे आधीच जास्त वेगाने येत असताना त्याने ब्रेकही उशिरा मारायचं ठरवलं. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे विसरून चालत नाही.

माझी वाचायची रीत यातूनच पक्की झाली. जो फरक ओळीने अनेक ठिपक्यांवर टिकून राहतो, तो खरा धरावा. एकाच ठिपक्यावर दिसतो तो सोडून द्यावा. पूर्ण सरळ पट्ट्यावरचा वेग साध्या फोननेही बऱ्यापैकी कळतो. ब्रेकची नेमकी जागा किंवा अरुंद वळणातला सर्वांत कमी वेग कळत नाही. लॅपच्या वेळेचंही तेच. जागेत पाच मीटरची चूक झाली, तर ताशी १५० ला ती सेकंदाचा आठवा भाग होते. तेव्हा मित्राला दशांश सेकंदाने हरवल्याचा आनंद फोनच्या भरवशावर साजरा करू नये.

खोलात जायचं असेल तर ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर घ्यावा. रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर यांसारखी ॲप्स तो जोडून घेतात. सेकंदाला दहा नोंदी मिळाल्या की ताशी १३० ला दोन ठिपक्यांतलं अंतर ३.६ मीटरवर येतं, पंचवीस मिळाल्या तर दीड मीटरच्या आत. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडीचा डोंगलही लावता येतो, पण त्याच्याकडून चार-पाच गोष्टी एकदम मागितल्या की प्रत्येकीची नोंद विरळ होते. आणि ब्रेक किती दाबला, हे साध्या ओबीडीतून मिळत नाही.

फोन पक्का बसवा. सैल सुटलेला फोन पेडलखाली गेला तर काय होईल, ते सांगायला नको. काचेमागच्या उन्हात फोन तापून मध्येच बंद पडतो, म्हणून तो सावलीत, पडदा बंद ठेवून लावावा. चालू लॅपचा पुढे-मागे दाखवणारा आकडा तर मुळीच बघू नये; ताशी १३० ला अर्धा सेकंद नजर हटली की १८ मीटर रस्ता न बघता जातो. प्रत्येक सेशननंतर टायरचा दाब, हवेतला उकाडा, टाकीतलं पेट्रोल लगेच वहीत लिहा. सकाळच्या थंड ट्रॅकवरचा लॅप दुपारच्या लॅपशेजारी ठेवून केलेली तुलना फसवी असते.

आणि ब्रेक पुढे सरकवायचाच असेल, तर ट्रॅकशेजारची डोळ्यांना दिसणारी एखादी खूण धरा, एका वेळी दोन-तीन मीटरच सरका, आणि तीन-चार लॅप तिथेच थांबा. टायर अजून गार असतील किंवा ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं असेल, तर तेवढंही नको. गाडी पिटमध्ये आणा आणि ब्रेक निवू द्या.