हातानें काढलेलें चित्र

"सर, आतां संगणकास सांगितलें कीं हवें तें चित्र क्षणांत पुढें येतें, मग आम्हीं पेन्सिल झिजवीत कां बसावें?" असा प्रश्न जीवशास्त्राच्या तासानंतर एका विद्यार्थ्यानें आम्हांस केला. प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. त्याच्या वहींत जास्वंदीच्या फुलाची सुबक आकृति होती. पण ती त्यानें मोबाइलच्या पडद्यावरील चित्रावरून उतरविली होती, आणि समोर बशींत ठेवलेलें फूल तसेंच सुकून गेलें होतें. त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. (खरें सांगावयाचें तर, विद्यार्थिदशेंत आम्हींहि पुस्तकांतील आकृत्याच गिरवीत असूं.) तें राहिलेलें उत्तर येथें देत आहों.

सान्तियागो रामोन इ काहाल ह्यांचा जन्म स्पेन देशांत १८५२ सालीं झाला. त्यांस चित्रकार व्हावयाचें होतें. शस्त्रवैद्य असलेल्या वडिलांस हा नाद मुळींच पसंत नव्हता. पुढें वडिलांनींच हाडें समोर ठेवून त्यांस शरीररचना शिकविली, तेव्हां मुलानें तीं हाडें चित्रें काढूनच आत्मसात केलीं! १८८७ सालीं इटालियन शास्त्रज्ञ गोल्जी ह्यांच्या रीतीनें, चांदीच्या क्षारानें रंगविलेले मेंदूचे काप काहाल ह्यांच्या पाहण्यांत आले. ह्या रीतीचा विशेष असा कीं, असंख्य पेशींपैकीं थोड्याच काळ्या होतात. पण ज्या होतात त्या शाखाप्रशाखांसह स्पष्ट दिसतात.

मज्जातंतु एकमेकांत मिसळून त्यांचें एक अखंड जाळें बनलेलें आहे, अशी त्या काळीं पुष्कळ पंडितांची समजूत होती, व खुद्द गोल्जीहि त्याच मताचे होते. काहाल ह्यांनीं एकेक धागा सूक्ष्मदर्शकाखालीं शेवटपर्यंत न्याहाळला आणि कागदावर उतरविला. धागा नेमका कोठें संपतो हें ठरविल्यावांचून रेघ संपवितां येत नाहीं. त्यांस दिसलें तें असें कीं, धागा दुसऱ्या पेशीजवळ पोहोंचतो, परंतु तींत मिसळत नाहीं. हें त्यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलें. १९०६ सालचें नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळालें, आणि त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतहि दोघांनीं परस्परविरुद्ध मतें मांडलीं. पुढें १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखविली.

काहाल ह्यांस यंत्राचें वावडें होतें, असें मात्र कोणी समजूं नये. रंगीत छायाचित्रणावर त्यांनीं १९१२ सालीं पुस्तक लिहिलें आहे. परंतु जाड कापाचें छायाचित्र घेतलें असतां एकच पातळी स्पष्ट येते, बाकीचें सारें धूसर. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू फिरवीत वरचें व खालचें पाहून एका चित्रांत आणणें, हें काम हाताचें होतें.

आम्हीहि संगणकाचे वैरी नव्हों. १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड ह्यांनीं 'स्केचपॅड' नांवाची योजना सिद्ध केली. तींत पडद्यावर प्रकाश-लेखणीनें काढलेल्या वेड्यावांकड्या रेघा यंत्र सरळ व समांतर करून देई. पुलाचा आराखडा काढणाऱ्यानें ही सोय कां सोडावी? पण फुलाची कडा जेथें वांकडी असते, तेथें ती वांकडीच काढावयास हवी.

पुढल्या आठवड्यांत आम्हीं त्याच विद्यार्थ्यासमोर ताजें फूल ठेविलें, व मोबाइल बाजूस ठेवावयास सांगितलें. अर्ध्या तासांत पेन्सिलीपेक्षां रबरच अधिक झिजला. पाकळ्या पांच, हें त्यास पाठ होतें. परंतु पुंकेसर जुळून त्यांची नळी होते, तिच्यांतून मधला दांडा बाहेर पडतो व टोंकाशीं त्याचे पांच फांटे होतात, हें त्यास पहिल्यानेंच दिसलें. एक पाकळी किड्यानें खाल्लेली होती. "सर, हें भोकहि काढावयाचें काय?" त्यानें विचारलें.

"आहे ना तेथें? मग काढ," आम्हीं म्हणालों.