निराश्रित मुका प्राणी आणि आपलें घर

पेण आणि रोहें हीं आपल्या रायगड जिल्ह्यांतील दोन जुनीं गांवें. एक भोगावतीच्या कांठीं वसलेलें, दुसरें कुंडलिकेच्या. दोन्ही ठिकाणांहून पुष्कळ कुटुंबें नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस बिऱ्हाड हलवितात. भांडींकुंडीं जातात, अंथरुणें जातात, देव्हारा जातो. दाराशीं वाढलेला कुत्रा मात्र मागें राहतो. कांहीं दिवस तो बंद कुलुपापाशीं बसून असतो. मग भूक लागली म्हणजे बाजारपेठेंतील टोळींत जाऊन पडतो, आणि लोक त्यास 'भटका' म्हणूं लागतात. वस्तुतः तो भटका जन्मला नव्हता. आपणच त्यास भटका केला. अशा प्राण्यांकरितां आश्रयस्थानें कशीं निघालीं, आणि तेथून एखादा प्राणी घरीं आणावयाचा तर काय पतकरावें लागतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

मुक्या जनावरांस कोंडून ठेवण्याच्या ज्या संस्था आपल्या लोकांस ठाऊक आहेत, त्यांत पहिली कोंडवाडा. १८७१ च्या कायद्यानें त्यास निश्चित रूप आलें. दुसऱ्याच्या शेतांत शिरलेलें गुरूं तेथें अडकवावयाचें, आणि धन्यानें दंड भरला म्हणजे सोडावयाचें, अशी ती व्यवस्था. तीस आश्रय म्हणतां येणार नाहीं. ती अटकच होय.

दुसरी संस्था पांजरपोळ. हिचा मुंबईंतील इतिहास मनोरंजक आहे. बेवारशी कुत्रे मारणारास सरकार बक्षीस देत असे. त्या मोहानें मारेकरी लोकांच्या दारांतील कुत्र्यांवरही हात टाकूं लागले. श्वानास पवित्र मानणाऱ्या पारशी समाजास हें सहन झालें नाहीं, आणि १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत दंगा झाला. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई प्रभृति दानशूर गृहस्थांनीं मुंबईंत पांजरपोळ स्थापन केला. म्हातारीं, लंगडीं, धन्यानें टाकलेलीं जनावरें तेथें मरेपर्यंत पोसलीं जाऊं लागलीं. हेतु उदात्त खरा. परंतु पांजरपोळांत शिरलेल्या जीवास पुन्हां घर मिळावें, हा त्या काळच्या व्यवस्थेचा मुख्य उद्देश नव्हता.

तिसरी कल्पना विलायतेंत निघाली. १८६० सालीं मेरी टील्बी नांवाच्या बाईनें लंडनमध्यें हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक तात्पुरतें घर उघडलें. १८७१ सालीं तें बॅटरसी येथें गेलें व त्याच नांवानें प्रसिद्धीस आलें. 'तात्पुरतें' हा त्यांतील शब्द ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. प्राणी तेथें कायम रहावयाचा नसून, जुना धनी सांपडेपर्यंत किंवा नवा मिळेपर्यंत थांबावयाचा. मुंबईंतही प्राण्यांवरील क्रूरता थांबविण्यासाठीं १८७४ सालीं एक मंडळी निघाली, आणि त्यानंतरच्या दशकांत दिनशा पेटिट यांच्या औदार्यानें, त्यांच्या पत्नीच्या नांवानें, परळ येथें बाई साकरबाई पशुरुग्णालय उभें राहिलें.

आतां मुख्य मुद्दा असा. आश्रयस्थान हें घर नव्हे. तें वाटेवरची उतारशाळा होय. उतारशाळेंतील उतारू पुढें गेलेच नाहींत, तर नव्या उतारूस जागा कोठली? कुत्री एकदां व्याली म्हणजे चार-सहा पिलें होतात. तिचा गर्भकाळ अवघा सुमारें ६३ दिवसांचा असून वर्षांतून दोनदां ती विऊं शकते. अशा वेगापुढें कितीही खोल्या बांधल्या तरी अपुऱ्याच पडावयाच्या. म्हणून जो मनुष्य तेथून एक प्राणी नेतो, तो दोन जीवांवर उपकार करितो. एक त्यानें नेलेला, आणि दुसरा त्या रिकाम्या जागीं येणारा. उलट, जो हौसेनें नेतो व कंटाळून परत करितो अथवा रस्त्यावर सोडितो, तो दोघांचाही घात करितो.

कायद्यानेंही या गोष्टीची दखल घेतली आहे. उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून जाणें हा १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यास त्यांत दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड ठेविला गेला. तेव्हां दंडाच्या धाकापेक्षां मनाच्या धाकावरच येथें विसंबावें लागतें. रस्त्यावरील कुत्र्यांचें निर्बीजीकरण करून, लस टोचून, त्यांस पूर्वीच्या जागीं सोडावें, असे नियम २००१ सालीं झाले व २०२३ सालीं ते नव्यानें करण्यांत आले. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या आदेशांत, ज्यांस रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनीं नगरसंस्थेकडे अर्ज करावा, परंतु नेलेला कुत्रा पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं ही जबाबदारी त्यांचीच राहील, असें सांगितलें आहे.

'दत्तक' हा शब्दच पहा. दत्तक घेतलेल्या मुलास आपण नांव देतों, घरांत हक्क देतों, आणि तें खोडकर निघालें म्हणून परत करीत नाहीं. कुत्रा साधारणपणें दहा ते तेरा वर्षें जगतो; मांजर त्याहूनही अधिक. आज आठव्या इयत्तेंत असलेला विद्यार्थी पिलूं घरीं आणील, तर तें म्हातारें होईल तेव्हां हा स्वतः मिळवता झालेला असेल. म्हणून आणण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून तीन प्रश्न विचारावे. रोजचें खाणें, फिरविणें व साफसफाई कोण करील? आजारपणाचा व लसींचा खर्च कोठून येईल? आणि आपण परगांवीं गेलों अथवा बिऱ्हाड हलविलें, तर प्राणी कोठें राहील? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, तर प्राणी आणूं नये. आश्रयस्थानीं जाऊन सेवा करावी, तीही थोर आहे.

आणावयाचें ठरलें, तर वेळ विचारपूर्वक निवडावी. पेणेंत गणपतीच्या दिवसांत मूर्तींची व माणसांची एकच गर्दी उडते. त्यांत ढोल आणि फटाके. अशा गडबडींत नवा प्राणी बिचकतो व पळून जातो. शांत दिवस पाहून त्यास आणावें, एक कोपरा ठरवून द्यावा, आणि पहिले तीन दिवस फार लळा लावण्याचा आग्रह धरूं नये. घरच्या रीतीभाती कळण्यास त्यास सुमारें तीन आठवडे, आणि हें घर आपलें असा भरंवसा वाटण्यास तीन महिनेही लागतात. कांदा, द्राक्षें व चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत. शिजविलेलीं हाडें मोडून घशांत व आंतड्यांत रुततात. आपल्या दमट उन्हाळ्यांत पाण्याचें भांडें सदैव भरलेलें असावें. पावसाळ्यांत गोचिडांकडे लक्ष द्यावें.

पिसाळण्याच्या रोगाविषयीं मात्र कोणतीही हयगय नको. हा रोग रोगी जनावराच्या लाळेंतून चाव्याच्या वाटे शिरतो, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य बहुधा वांचत नाहीं. परंतु वेळीं उपाय केल्यास तो टाळतां येतो. १८८५ सालीं पाश्चर यांनीं जोझेफ मायस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास वांचविलें, तेव्हांपासून जगास ही आशा लाभली. चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि तत्काळ दवाखाना गांठावा. हळद, चुना, मंत्र यांत वेळ दवडूं नये. पिलूं तीन महिन्यांचें झालें म्हणजे त्यास पहिली लस टोचावी, आणि पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती वेळोवेळीं द्यावी.

नामदेवाची कथा आपण सर्वांनीं ऐकिली आहे. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां तो काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवला. शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोन्याची गोष्टही आपल्या शाळेंत प्रतिवर्षीं वाचली जाते. त्यानें जखमी वाटसरूचे घाय बांधले, त्यास उतारशाळेंत नेलें, आणि जातांना दोन नाणीं देऊन सांगितलें कीं अधिक खर्च झाला तर परत येतांना देईन. आमच्या मतें त्या गोष्टींतील सर्वांत कठीण भाग हा शेवटचाच आहे. कींव सर्वांनाच येते. परंतु उद्यांच्या खर्चाचा आणि उद्यांच्या श्रमाचा जामीन थोडेच होतात. पेण-रोह्यांतील ज्या घरानें हा जामीन एकदां दिला, तें घर मुंबईस गेलें तरी त्याच्या कुलुपापाशीं कोणी वाट पहात बसणार नाहीं.