औषध आणि रक्तातील शिपाई

‘गोळ्या घेतल्या आणि ताप उतरला’, असे आपण सहज म्हणतो. परंतु ही लढाई औषधाने एकट्याने जिंकलेली नसते.

१८८२ साली मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशीही अशाच धावून जातात आणि जंतूंना गिळतात.

मग औषधाचे कार्य कोणते? पेनिसिलीन जंतूला आपली भिंत नीट बांधू देत नाही. तो फुटून मरतो. टेट्रासायक्लीन बहुधा जंतूंची वाढ तेवढी रोखते. त्यांचा निकाल लावतात त्या पेशीच. म्हणून ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार घटल्या आहेत, अशा रोग्यांच्या जिवावर औषध चालू असतानाही बेतू शकते.

केवळ पेशींवर भिस्त ठेवूनही नेहमी भागत नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे आल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसास पेनिसिलीन टोचले. त्यास स्पष्ट उतार पडला. पण औषध संपले. त्याच्या मूत्रातून ते काढून पुन्हा दिले, तेही पुरले नाही. १५ मार्च रोजी तो वारला.

आम्ही भाषेचे शिक्षक. तरी ही हकीकत वाचल्यापासून घरातील फळीवर अर्धवट राहिलेल्या गोळ्या पाहून आम्हांस लाज वाटते. बालमित्रहो, डॉक्टरांनी सांगितल्यावाचून प्रतिजैविक घेऊ नये, आणि घेतल्यास त्यांनी सांगितलेले दिवस पुरे करावे. शिपायांची कुमक अर्ध्या वाटेवरून परतवू नये.