हत्ती कुणाचा होता?

काल रात्री फोन ठेवला आणि मला झोपच लागली नाही बघ. तू रडली असतीस तर बरं झालं असतं. "ताई, इथं सगळे चांगले आहेत गं, पण माझं असं कुणी नाही," एवढंच बोललीस आणि लगेच "भाऊजी जेवले का?" म्हणून विषय बदललास. तुझी ही खोड तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून मला माहीत आहे.

सिंदखेडराजाकडची पोर तू, घाट उतरून संग्रामपूर तालुक्यात गेलीस. बैठकीत काका म्हणाले होते, "बुलडाणा जिल्ह्यातलंच तर स्थळ, लांब कुठंय?" पण घाटावरचा आणि घाटाखालचा फरक नांदायला गेल्यावरच कळतो. तिकडं पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. बोलीचा हेलही वेगळा. सासूबाई "काहून वं?" म्हणाल्या की तुला वाटतं रागावल्या. त्या बिचाऱ्या नुसतं विचारत असतात.

मला सांग, गोड्या पाण्याच्या नळावर तू जातेस ना? आणि हंडा भरला की खाली मान घालून परत. बाई गं, नातं तिथंच लागतं. 1950 साली अमेरिकेत फेस्टिंगर आणि त्याच्या सोबत्यांनी विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री झाली ते तपासलं. स्वभाव, आवडीनिवडी राहिल्या बाजूला, ज्यांची दारं जवळ आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर, त्यांचीच जास्त मैत्री झालेली. आपल्या आजीला हे कुणी सांगायला नको होतं. ती दुपारभर ओट्यावर बसायची ती काय नुसती वाऱ्याला?

आणि वेळ लागतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉलनं 2018 मध्ये हिशेब मांडला, की जिवाभावाची मैत्री व्हायला साधारण दोनशे तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात. तो हिशेब तिकडच्या माणसांचा, पण आपण आपल्या नळाला लावून बघू. रोजचा अर्धा तास धरला तर चारशे दिवस. तुझ्या लग्नाला झाले आठ महिने, त्यातले अर्धे दिवस तर तू माहेरी नाहीतर मोबाइलमध्ये. मग उशीर कसला झाला गं?

आता माझी एक चूक सांगते, तुझ्या भाऊजींनाही माहीत नाही. खामगावला नवीन होते तेव्हा मी सगळ्यांना देत सुटले. शेजारी आजारी, मी डबा घेऊन हजर. संक्रांत आली, सगळ्यांत मोठं वाण माझं. दोन वर्षं झाली तरी शेजारच्या काकू मला "अहो" म्हणायच्या. मग एका रात्री बाळाला ताप चढला, हे गावाला गेलेले. मी काकूंचं दार वाजवलं. त्या रात्रभर पट्ट्या ठेवत बसल्या. सकाळी जाताना म्हणाल्या, "अगं, आधी का नाही उठवलंस?" दोन वर्षांच्या डब्यांनी न झालेलं "अगं" एका रात्रीत झालं. तेव्हा कळलं, मी नुसती देत होते ती मोठेपणा राखायला. दुसऱ्याला आपल्यासाठी काही करू दिलं नाही, तर तो आपल्या घरात पाय कसा ठेवणार? बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात असंच लिहिलंय. विधिमंडळातल्या, विरोधात असलेल्या सभासदाकडून त्यानं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागून घेतलं, आठवड्यात परत केलं, आणि ती दोस्ती जन्मभर टिकली.

तुझे भाऊजी शेगावच्या मंदिरात सेवेला जातात, आठवतं? गावोगावचे सेवाधारी पाळीपाळीनं येतात, पगार नाही, काही नाही. हे आणि मोताळ्याकडचे एक शेतकरी आठवडाभर चपला सांभाळायला शेजारी होते. बोलणं म्हणजे "हा जोड तिकडं ठेवा" एवढंच. आज घरात काही झालं की पहिला फोन त्यांचा येतो. एरवी गावात आधी आडनाव विचारतात आणि मग कुणाला ओट्यावर बसवायचं ते ठरतं, हे तुला मी नव्यानं काय सांगू. हातात सारखंच काम असलं की तो प्रश्न निदान थोडा वेळ मागं पडतो. तुझ्या नळावरही सगळ्या आडनावांच्या बाया येत असतील. तू आधी बोल.

राहिली तुझी जाऊ. "ती माझ्याशी धड बोलत नाही" हे तू तीनदा सांगितलंस. मग मला एक सांग, हत्ती कुणाचा होता?

हसू नकोस. लहानपणी 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी आपण जायचो, तेव्हा आजी सांगायची ती गोष्ट. शिवभारतातलीच आहे. निजामशाहीचा दरबार सुटला आणि खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. दत्ताजी जाधव त्याला आवरायला गेले, संभाजी भोसले हत्तीच्या बाजूनं उभे राहिले. बघता बघता तलवारी निघाल्या. दत्ताजी पडले, मग लखुजीरावांनी संभाजींना मारलं, शहाजीराजेही जखमी झाले. एका दिवसात जिजाऊंचा सख्खा भाऊ गेला आणि चुलत दीरही. सोयऱ्यांत वैर आलं ते ज्याच्यापायी, तो हत्ती ना जाधवांचा होता ना भोसल्यांचा.

तुझ्या घरातला हत्ती म्हणजे शेताच्या धुऱ्याचा वाद. तू उंबरठा ओलांडायच्या दोन वर्षं आधीचा, दोघा भावांचा. जाऊ तुझ्यावर रुसलेली नाही, ती धुऱ्यावर रुसलीय आणि तू मध्ये उभी आहेस. तू कुणाची बाजू घेऊ नकोस. नवऱ्याच्या कानात तिच्याविषयी काही घालूही नकोस. तो वाद ते भाऊ बघून घेतील.

एवढं करूनही एखादी पाणउताराच करत राहिली, तर तिला लांबून रामराम. सगळ्यांशी जमलंच पाहिजे असं काही नाही. पण जावेशी अजून तू करूनच बघितलेलं नाहीस.

उद्या सकाळी वाटी घेऊन तिच्या दारात जा. "ताई, विरजण संपलंय, थोडं देता का?" एवढंच म्हण. घरात असलं तरी माग. परत करताना वाटी रिकामी देऊ नकोस, आईनं दिलेल्या शेवयांतल्या मूठभर घाल.

आणि दही लागलं की नाही, ते मला फोन करून सांग. आंबट झालं तरी सांग.